पॅलेस थिएटर ते ‘केशवराव’

राजर्षी शाहू महाराज 1902 साली युरोपला गेले. रोमचं कोलोसियम पाहिल्यावर आपल्या कोल्हापुरातही हजारोंनी बसून कुस्ती बघावी असं मैदान हवं, हे त्यांच्या मनाने घेतलं. त्यातून खासबाग मैदान झालं, आणि त्याला पाठीला पाठ लावून 1913 ते 1915 या काळात नाटकगृह उभं राहिलं. नाव पॅलेस थिएटर. एका बाजूला हौद्यातली लाल माती, दुसऱ्या बाजूला रंगपट. पैलवान आणि नट यांना असा शेजार देणारा दुसरा राजा मला तरी ठाऊक नाही. नाटकमंडळ्यांना राजाश्रय अनेकांनी दिला. पण दिवाणखान्यात बैठक घालणं वेगळं आणि गावासाठी दगडी थिएटर बांधणं वेगळं.

1957 साली नाव बदललं आणि पॅलेस गेला, नट आला. संगीतसूर्य केशवराव भोसले मूळचे कोल्हापूरचेच. पोरवयात ‘शारदा’तल्या शारदेच्या भूमिकेने गाजलेले, विशीच्या आतच 1908 मध्ये हुबळीला ‘ललितकलादर्श’ ही नाटक कंपनी काढणारे. त्यांच्या नाटकांचे पडदे आनंदराव आणि बाबूराव पेंटर या कोल्हापूरच्याच भावांनी रंगवले. जुलै 1921 मध्ये टिळक स्वराज्य फंडासाठी मुंबईत ‘संयुक्त मानापमान’ झालं. बालगंधर्वांची भामिनी, केशवरावांचा धैर्यधर. त्यानंतर तीन महिन्यांतच केशवराव गेले, अवघ्या एकतिसाव्या वर्षी.

पुढचा काळ इतर गावांतल्या नाट्यगृहांसारखाच गेला. मुंबई-पुण्याच्या कंपन्यांचे दौरे, राज्य नाट्य स्पर्धा, ऑर्केस्ट्रा, शाळांची गॅदरिंग, सत्कार. अधूनमधून डागडुजी, नंतर मोठं नूतनीकरण, आणि ‘सोयी नाहीत’ ही बारमाही तक्रार. तरी गावातल्या हौशी पोराला पहिली एन्ट्री इथेच घ्यायची असायची.

8 ऑगस्ट 2024 च्या रात्री आग लागली. छप्पर, रंगमंच, खुर्च्या, सगळं जळालं. खासबागेच्या बाजूचा मंचही वाचला नाही. उरली ती दर्शनी दगडी बांधणी. नाट्यगृहाच्या पोटात सगळा जळाऊ माल असतो: लाकडी फळ्या, कापडी पडदे, वर वायरींचं जाळं. दुसऱ्या दिवशी केशवरावांची जयंती होती. रंगकर्मी जमले ते त्या काळ्या पडलेल्या इमारतीसमोर, रडत.

सरकारने लगेच पुनर्बांधणीचा शब्द दिला. ‘होतं तसंच उभारा’ ही भावना समजते, पण ती दर्शनी भागापुरतीच ठेवावी. आत चांगल्या विंगा, नेपथ्याचा ट्रक थेट मागे लागेल अशी वाट, बायकांसाठी धड मेकअप रूम आणि खरोखर चालणारी अग्निरोधक यंत्रणा हवी. भाडंही हौशी मंडळाला वर्गणी काढून परवडेल एवढंच ठेवायला हवं. नाहीतर तारखा सत्कार समारंभच घेऊन जातील.