गृहविज्ञान विभागाचे समाजाभिमुख विस्तारकार्य : कॉर्नेल विद्यापीठाचा अनुभव आणि त्याचे आपल्याकडील संदर्भ

प्रस्तावना

अध्यापन आणि संशोधन यांच्या जोडीला विस्तारकार्य हे विद्यापीठाचे तिसरे परिमाण होय, ही भूमिका विद्यापीठ अनुदान आयोगाने १९७७ साली स्वीकारली. त्यानंतर राष्ट्रीय मूल्यांकन व अधिस्वीकृती परिषदेच्या निकषांतही विस्तारकार्यास स्थान मिळाले. परिणामी आज बहुतेक महाविद्यालयांच्या गृहविज्ञान विभागांत शिबिरे, पाककृतींची प्रात्यक्षिके, पोषण सप्ताह, बचत गटांसाठी प्रशिक्षण असे उपक्रम वर्षभर चालू असतात. त्यांची छायाचित्रे अहवालात लागतात. परंतु गावातून विभागाकडे परत काय आले, हा प्रश्न क्वचितच विचारला जातो. वास्तविक गृहविज्ञानाच्या बाबतीत तोच मूळ प्रश्न आहे. कारण या विद्याशाखेचा एक महत्त्वाचा विभाग मुळात विस्तारकार्यातूनच जन्माला आला. आधी अभ्यासक्रम आणि मग समाजसंपर्क, असा क्रम तेथे नव्हता. अमेरिकेतील न्यूयॉर्क राज्यातील इथाका येथील कॉर्नेल विद्यापीठाचे हे उदाहरण त्या दृष्टीने अभ्यासण्यासारखे आहे.

'पावले वाचविणे'

एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस कॉर्नेलचे कृषितज्ज्ञ लिबर्टी हाइड बेली शेतकऱ्यांसाठी टपालाद्वारे वाचन-अभ्यासक्रम चालवीत होते. शेतकरी पुरुषास खते, माती, फळबागा यांची शास्त्रीय माहिती मिळत होती; त्याच शेतावर राबणाऱ्या त्याच्या पत्नीसाठी मात्र काहीच नव्हते. ही उणीव भरून काढण्यासाठी बेली यांनी १९०० साली मार्था व्हॅन रेन्सेलियर यांना विद्यापीठात बोलाविले. व्हॅन रेन्सेलियर या कॅटारॉगस परगण्यात शाळांच्या आयुक्त म्हणून काम केलेल्या बाई. खेडोपाडीच्या शाळा पाहत हिंडताना त्यांनी शेतकऱ्यांची घरे आतून पाहिली होती. त्या वेळी त्यांच्याकडे विद्यापीठाची पदवी नव्हती. ती त्यांनी पुढे १९०९ साली कॉर्नेलमधूनच मिळविली.

'शेतकरी स्त्रियांचा वाचन-अभ्यासक्रम' या मालेतील पहिली पत्रिका १९०१ च्या आरंभी निघाली. तिचे शीर्षक होते 'पावले वाचविणे'. विषयाची ही निवड सहज झालेली नाही, हे लक्षात घेतले पाहिजे. पाककलेचा धडा किंवा सुगृहिणीची कर्तव्ये यांपासून आरंभ करणे सोपे होते. त्याऐवजी स्त्रीच्या श्रमाचा, म्हणजे चूल, पाणी, भांडी आणि कोठीघर यांच्यामध्ये दिवसभर होणाऱ्या खेपांचा विचार तेथे प्रथम केला गेला. स्वयंपाकघराची मांडणी बदलली तर या खेपा कमी होतात, हे आज सर्वमान्य वाटते. त्या काळी मात्र घरकाम हे मोजण्याजोगे श्रम आहे, ही कल्पनाच नवी होती.

पत्रिकेपेक्षाही महत्त्वाची ठरली ती तिच्यासोबत जाणारी प्रश्नपत्रिका. वाचणाऱ्या स्त्रीने उत्तरे लिहून विद्यापीठाकडे पाठवावयाची, आपल्या अडचणी कळवावयाच्या आणि विद्यापीठाने त्यांना उत्तर द्यावयाचे, अशी ही पद्धत होती. ही परीक्षा नव्हती. शेजारच्या स्त्रियांनी एकत्र येऊन पत्रिका वाचावी म्हणून अभ्यासमंडळेही निघाली. काही वर्षांतच नोंदणी झालेल्या स्त्रियांची संख्या हजारोंच्या घरात गेली. पुढील पत्रिकांत घरातील स्वच्छता, आहार असे विषय येत गेले, आणि त्यांचे सुकाणू बऱ्याच अंशी आलेल्या पत्रांच्या हाती होते.

या संदर्भात एक प्रसंग सांगितला जातो. भांडी पुसण्याच्या फडक्यातील जीवाणूंविषयी पत्रिका काढावी म्हणून व्हॅन रेन्सेलियर विद्यापीठातील जीवाणुशास्त्राच्या प्राध्यापकांकडे गेल्या. शेतकरी स्त्रियांना जीवाणू कळण्याची गरज नाही, फडके स्वच्छ ठेवलेले बरे दिसते एवढेच त्यांना सांगावे, असा सल्ला त्यांना मिळाला. तो त्यांनी मानला नाही. विस्तारकार्याकडे पाहण्याच्या दोन दृष्टी या प्रसंगात समोरासमोर येतात. समाजाला केवळ आचाराचा नियम द्यावयाचा की त्यामागील कारणही द्यावयाचे, हा तो वाद आहे. आपल्याकडील अनेक भित्तिपत्रके आजही त्या प्राध्यापकांच्याच पक्षाची आहेत, असे खेदाने म्हणावे लागते.

गावाकडून वर्गाकडे

पत्रव्यवहारातून उभे राहिलेले हे काम पुढे वर्गात शिरले. १९०३ पासून विद्यापीठात या विषयाचे काही पाठ्यक्रम सुरू झाले. १९०७ साली फ्लोरा रोझ रुजू झाल्या आणि कृषी महाविद्यालयांतर्गत गृहअर्थशास्त्राचा (आपल्याकडील रूढ संज्ञेत गृहविज्ञानाचा) विभाग आकारास आला. १९११ साली या दोघींना प्राध्यापकपद देण्याचा प्रश्न उपस्थित झाला, तेव्हा अध्यापक-सभेने मोठा मासलेवाईक ठराव केला : सामान्यतः स्त्रियांना प्राध्यापक नेमण्यास सभा अनुकूल नाही, तथापि गृहअर्थशास्त्र विभागात तशी नेमणूक झाल्यास तिची हरकत नाही. अशा रीतीने घर हाच विषय स्त्रियांसाठी विद्यापीठाचे दार ठरला. पुढे १९२५ मध्ये विभागाचे स्वतंत्र महाविद्यालय झाले आणि १९६९ मध्ये त्याचे नाव बदलून 'मानव परिसर विज्ञान महाविद्यालय' असे ठेवण्यात आले.

दरम्यान १९१४ च्या स्मिथ-लिव्हर कायद्याने कृषी आणि गृहअर्थशास्त्र या दोन्ही विषयांतील विस्तारकार्यास संघ शासनाचा निधी मिळवून दिला. गृहप्रात्यक्षिकासाठी नेमलेल्या स्त्री-कार्यकर्त्या परगण्या-परगण्यांतून काम करू लागल्या. या व्यवस्थेचे गुणगान करताना तिची दुसरी बाजू विसरता येत नाही. राज्यातील कोणत्या महाविद्यालयास निधी द्यावा, हे ठरविण्याचा अधिकार राज्य विधिमंडळांकडे होता. दक्षिणेकडील राज्यांत तो निधी गौरवर्णीयांच्या महाविद्यालयांकडे गेला, आणि कृष्णवर्णीय कार्यकर्त्यांना वेगळ्या, तोकड्या साधनांच्या व्यवस्थेत काम करावे लागले. विस्तारकार्य समाजापर्यंत पोहोचते असे म्हणताना, कोणत्या समाजापर्यंत, हे विचारलेच पाहिजे.

मराठवाड्यातील संदर्भ

भारतात विस्तारकार्याची वाट वेगळी होती. १९५२ साली सुरू झालेल्या सामुदायिक विकास कार्यक्रमात ग्रामसेविकांना गृहविज्ञानाचे प्रशिक्षण देण्यात आले, आणि पुढे कृषी विद्यापीठांतील गृहविज्ञान महाविद्यालयांनी या कामास संशोधनाची जोड दिली. परभणी येथील मराठवाडा कृषी विद्यापीठ (२०१३ पासून वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठ) १९७२ साली स्थापन झाले. तेथील गृहविज्ञान महाविद्यालय आज 'सामुदायिक विज्ञान महाविद्यालय' या नावाने ओळखले जाते. कॉर्नेलच्या पत्रिका वाचता येणाऱ्या स्त्रीसाठी होत्या. परभणीच्या परिसरातील शेतमजूर स्त्रीपर्यंत त्या मार्गाने जाणे शक्य नव्हते. येथे साधन हातात द्यावे लागते, वापरून दाखवावे लागते. शिवाय येथील स्त्रीची पावले स्वयंपाकघरापेक्षा शेतात अधिक पडतात. म्हणूनच अखिल भारतीय समन्वित संशोधन प्रकल्पाच्या परभणी केंद्राने शेतकरी स्त्रियांचे काबाडकष्ट कमी करण्याच्या विषयाकडे लक्ष दिले, ही बाब उचित म्हटली पाहिजे. भेंडी तोडताना बोटांना लव टोचून खाज सुटू नये म्हणून हातमोजे, कापूस वेचताना ओटीचा भार कमरेवर येऊ नये म्हणून वेगळ्या बेताची झोळी, ही साधने दिसावयास किरकोळ आहेत. परंतु दिवसभर वाकून वेचणी करणाऱ्या बाईच्या पाठीचा हिशेब त्यांत आहे.

याच्या उलट उदाहरण निर्धूर चुलीचे. सुधारित चुलींचा राष्ट्रीय कार्यक्रम १९८० च्या दशकात सुरू झाला आणि २००२ मध्ये बंद झाला. धुरामुळे स्त्रियांच्या डोळ्यांचे व फुप्फुसांचे होणारे नुकसान खरे होते. उद्देशाविषयी शंका घेण्याचे कारण नाही. गृहविज्ञानाच्या प्रात्यक्षिकांतही ही चूल वारंवार दिसे. तरीही बसविलेल्या अनेक चुली काही काळाने वापराबाहेर गेल्या. त्यामागे दुरुस्तीचा अभाव होता, निकृष्ट बांधणी होती, आणि स्वयंपाकाच्या रीतीशी न जुळणारी रचनाही होती. ज्वारीची भाकरी केवळ तव्यावर होत नाही. ती तव्यावरून उतरवून चुलीच्या तोंडाशी आरावर उभी शेकली जाते, तेव्हा तिला पापुद्रा सुटतो. चुलीचे तोंड लहान केले, आर पुढे ओढण्यास जागा ठेवली नाही, की धूर कमी होतो आणि भाकरीही बिघडते. मोठी लाकडे फोडून बारीक करण्याचे नवे काम बाईच्याच वाट्याला येते. ही माहिती कोणत्याही ग्रंथात शोधण्याची गरज नव्हती. नकाशा तयार होण्यापूर्वी गावातील एखाद्या स्वयंपाकघरात अर्धा तास बसून विचारले असते, तर तेथील कोणत्याही आजीने ती सांगितली असती.

महाविद्यालयीन विभागांपुढील प्रश्न येथूनच सुरू होतो. दत्तक गावात विद्यार्थिनी जातात, नाचणीच्या लाडवांचे प्रात्यक्षिक दाखवितात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. त्या गावात नाचणी पिकते का, किंवा दुकानात ती कोणत्या भावाने मिळते, याची नोंद सहसा होत नाही. अशी नोंदवही ठेवण्यास कोणतेही अनुदान लागत नाही. प्रत्येक भेटीत स्त्रियांनी विचारलेले प्रश्न त्यांच्याच शब्दांत लिहून घ्यावेत. पुढील भेटीत त्यांची उत्तरे न्यावीत, आणि ज्यांची उत्तरे विभागाकडे नाहीत ते प्रश्न प्रकल्पासाठी पदव्युत्तर विद्यार्थिनींपुढे ठेवावेत. वर्षाअखेरीस अभ्यास मंडळाच्या बैठकीत अहवालातील छायाचित्रांसोबत ती वहीही मांडता येईल.