नागापूरच्या मुलांचा हातातला कॉम्प्युटर : कीबोर्ड घरी कसा बनतो

नागापूर एमआयडीसीत पाळ्या चालतात. ज्या घरात एकच स्मार्टफोन आहे, तिथे तो अब्बांबरोबर पाळीला जातो आणि रात्री चार्जिंगला लागतो. मुलांच्या वाट्याला येतो तो मधला अर्धा तास. माझ्या वर्गातल्या एका मुलाने म्हणूनच विचारलं, "सर, कॉम्प्युटर आपण घरी नाही का बनवू शकत?" मी हसलो. पण घरी जाऊन शोधाशोध केली, तेव्हा हसण्यासारखं काही नव्हतं. मी शिक्षक आहे, इंजिनिअर नव्हे. तरीही सोल्डरिंग जमत असेल तर हे काम होतं.

मेंदू तयारच मिळतो. रास्पबेरी पाय झिरो 2 डब्ल्यू हा बोर्ड 2021 मध्ये 15 डॉलरला बाजारात आला. 65 बाय 30 मिलिमीटर, म्हणजे खोडरबरापेक्षा थोडा मोठा. 512 एमबी मेमरी, आत वायफाय, मेमरी कार्डवर लिनक्स. त्याला साडेतीन इंची स्क्रीन जोडली की अर्धं काम झालं. खरी मेहनत कीबोर्डची, कारण हातात धरून दोन अंगठ्यांनी टाइप करता येईल असा मराठी-उर्दू कीबोर्ड दुकानात मिळत नाही.

असा विचार आपल्याआधीही झाला आहे. बंगळुरूच्या इंडियन इन्स्टिट्यूट ऑफ सायन्सचे प्राध्यापक आणि एन्कोर कंपनीचे इंजिनिअर यांनी मिळून गरिबांसाठी 'सिम्प्युटर' बनवला. 2004 मध्ये तो विक्रीला आला, पण फार चालला नाही. त्याला बटणांचा कीबोर्ड नव्हता, पेनासारख्या काडीने स्क्रीनवर लिहायचं. आयआयटी मुंबईत प्रा. अनिरुद्ध जोशी यांच्या गटाने 'कीलेख' नावाचा कीबोर्ड केला, ज्यात अक्षरं वर्णमालेच्या रचनेप्रमाणे मांडली होती. त्याच संस्थेचं मोबाइलवरचं 'स्वरचक्र' काहींनी वापरलं असेल. आम्ही मात्र इनस्क्रिप्ट घेतला. सरकारमान्य मांडणी आहे, लिनक्समध्ये आधीच असते, आणि डावीकडे स्वर, उजवीकडे व्यंजनं असल्यामुळे दोन्ही अंगठ्यांना आळीपाळीने काम मिळतं.

आता बटणांचा हिशेब. एका ओळीत आम्ही 12 बटणं धरली. अक्षरांच्या तीन ओळी, खाली शिफ्ट, स्पेस, एंटरची एक. 12 गुणिले 4, झाली 48 बटणं. प्रत्येकाला वेगळी तार दिली तर 48 तारा आणि एक सामाईक. एवढ्या तारा घेणारी छोटी चिप कुठे मिळणार? म्हणून जाळी करतात. चार आडव्या तारा, बारा उभ्या, आणि प्रत्येक छेदावर एक बटण. एकूण 16 तारा. चिप एका वेळी एकच आडवी ओळ चालू करते, बाराही उभ्या तारा वाचते, मग पुढची ओळ. हे सेकंदात शेकडो वेळा होतं, त्यामुळे बोटाला काही कळत नाही. यासाठी रास्पबेरी पाय पिको पुरतो, त्याला 26 तारा जोडता येतात.

जाळीची एक खोड आहे. चौकोनाच्या तीन कोपऱ्यांवरची बटणं एकदम दाबली तर वीज उलटी फिरून जाते आणि चौथंही दाबलं गेलं असं चिपला वाटतं. उपाय म्हणजे प्रत्येक बटणाबरोबर एक डायोड. वीज एकाच दिशेने जाते. 48 डायोड, सगळ्यांच्या काळ्या पट्ट्या एकाच बाजूला. सगळेच उलटे लागले तर प्रोग्रॅममध्ये एक शब्द बदलून भागतं. एकच उलटा लागला तर ते बटण मुकं होतं.

आमची चूक वेगळीच झाली. या छोट्या बटणांना चार पाय असतात आणि दोन-दोन पाय आतून जोडलेले असतात. एक बटण मी आडवं बसवलं. चालू केल्याबरोबर स्क्रीन भरली, सससससस. मुलं खूश, मी घामाघूम. मीटर लावून पाहिलं तेव्हा उलगडा झाला.

बटणं झिरो पीसीबीवर बसवली. त्याची छिद्रं 2.54 मिलिमीटरवर असतात. चार छिद्रांना एक बटण धरलं की रुंदी 122 मिलिमीटर होते. नेहमीच्या कीबोर्डवर दोन बटणांमध्ये 19 मिलिमीटर असतात, इथे जेमतेम 10. बोटांना गर्दी होते, अंगठ्याच्या टोकाला चालतं.

लोक विचारतात, उर्दूसाठी दुसरा कीबोर्ड लागेल का? नाही. कीबोर्डला भाषा येतच नाही. तो फक्त नंबर पाठवतो. इंग्रजी 'के'च्या जागचं बटण 14 हा नंबर पाठवतं, त्याचं अक्षर लिनक्स ठरवतं. मराठी चालू असेल तर 'क', उर्दू फोनेटिक चालू असेल तर 'काफ'. हा योगायोग छान जुळला. पण 'एल'च्या बटणावर मराठीत 'त' येतो आणि उर्दूत 'लाम', म्हणून टोप्यांवर दोन रंगांत अक्षरं लिहिली. उजवीकडून डावीकडे लिहिणंही लिनक्सच सांभाळतं.

जुन्या टाइपरायटरवर हात बसलेल्यांना एक गोष्ट खटकेल. तिथे 'कि' लिहिताना वेलांटी आधी, मग क. इथे आधी क, मग वेलांटी, जसं बोलतो तसं. 'क्ष' म्हणजे क, हलन्त, ष.

बॅटरीत काटकसर नको. जुन्या लॅपटॉपमधले सेल काढून वापरू नका, लिथियम सेल भडकला तर विझवणं कठीण जातं. नवा सेल, संरक्षण असलेला चार्जिंग बोर्ड आणि 3.7 व्होल्टचे 5 व्होल्ट करणारा छोटा बोर्ड घ्या. हे काम मुलांच्या हाती न देता मोठ्यांनीच करावं.

सध्या सगळं एका प्लास्टिकच्या डब्यात आहे. 'ळ' साठी शिफ्ट धरून ठेवावी लागायची, अंगठा पुरत नव्हता. म्हणून आता शिफ्ट एकदा दाबून सोडली की पुढचं अक्षर वरचं येतं. प्रोग्रॅममधला हा बदल त्या प्रश्न विचारणाऱ्या मुलानेच शोधून काढला.