पोलर: लाइटनिंगची रंगीत तालीम

लाइटनिंग या बिटकॉइनवर उभ्या असलेल्या, झटपट पैसे पाठवण्याच्या नेटवर्कसाठी सॉफ्टवेअर लिहिणाऱ्याला सर्वांत जास्त अडवते ती वेळ. बिटकॉइनचा ब्लॉक सरासरी दहा मिनिटांनी निघतो. लाइटनिंगचे चॅनेल, म्हणजे दोघांमधला पैसे देण्याघेण्याचा मार्ग, साऱ्या नेटवर्कला जाहीर व्हायला सहा ब्लॉक लागतात, म्हणजे साधारण एक तास. चॅनेल एकतर्फी बंद केले, तर एलएनडी या सॉफ्टवेअरमध्ये चॅनेलच्या आकारानुसार १४४ ते २०१६ ब्लॉक थांबल्यावरच बंद करणाऱ्याचे पैसे मोकळे होतात. हा काळ एक दिवस ते दोन आठवडे इतका भरतो. कोडमधली एक ओळ बदलायची आणि ती बरोबर आहे की नाही हे कळायला दोन आठवडे वाट पाहायची, असे काम कोणाच्याच हातून नीट होणार नाही. शिवाय खऱ्या साखळीवरच्या प्रत्येक प्रयोगाला खरे पैसे लागतात, आणि ती साखळी उतरवून घ्यायची तर संगणकावर ६०० जीबीहून अधिक जागा हवी.

यावर टेस्टनेट, म्हणजे चाचणीसाठीची सार्वजनिक साखळी, हा जुना उपाय आहे. तिथली नाणी फुकट असावीत अशी कल्पना होती, पण लोक तीही विकू लागले. कधी ब्लॉकचा पूर येतो, कधी बराच वेळ काहीच निघत नाही. मुख्य म्हणजे तिथेही घड्याळ दुसऱ्याच्या हातात असते.

बिटकॉइन कोअर या बिटकॉइनच्या मुख्य सॉफ्टवेअरमध्ये यासाठी रेगटेस्ट नावाची तिसरी सोय आहे. ही साखळी आपल्याच संगणकावर पहिल्या ब्लॉकपासून सुरू होते. ब्लॉक काढण्यासाठी सोडवायचे कोडे इतके सोपे ठेवलेले असते की आज्ञा दिली की ब्लॉक तयार. नियम मात्र जवळपास सगळे खरे असतात: ब्लॉकमधून मिळालेले बक्षीस त्यावर आणखी १०० ब्लॉक चढेपर्यंत खर्च करता येत नाही, म्हणून पहिली ५० नाणी हाती यायला १०१ ब्लॉक काढावे लागतात. बक्षीस निम्मे होण्याचा टप्पा तेवढा २,१०,००० ऐवजी १५० ब्लॉकांवर आणलेला आहे.

रेगटेस्ट हाताने उभारणे मात्र किचकट. बिटकॉइनचा नोड चालू करा, त्याला लाइटनिंगचे तीन-चार नोड जोडा, प्रत्येकाला वेगळा पोर्ट द्या, प्रमाणपत्रे आणि परवान्यांच्या फाइली शोधा. हे काम पोलर नावाचे मुक्त स्रोत डेस्कटॉप अॅप करते. ते मॅक, लिनक्स आणि विंडोज या तिन्हींवर चालते. बाहेरचा चेहरा इलेक्ट्रॉन, रिअॅक्ट आणि टाइपस्क्रिप्टमध्ये लिहिलेला आहे, आणि पडद्यामागे प्रत्येक नोडचे खरे सॉफ्टवेअर डॉकरच्या स्वतंत्र कंटेनरमध्ये धावते.

पोलरचा मोठेपणा मला या शेवटच्या गोष्टीत वाटतो. इथेरियमच्या जगात गनाश नावाचे असेच लोकप्रिय अॅप होते. उघडले की प्रत्येकी १०० चाचणी इथर असलेली दहा खाती समोर येत. पण ते जावास्क्रिप्टमध्ये लिहिलेले साखळीचे अनुकरण होते, आणि सप्टेंबर २०२३ मध्ये कन्सेन्सिस कंपनीने ते बंद करत असल्याचे जाहीर केले. पोलर कशाचेही अनुकरण करत नाही. खऱ्या पैशांची ने-आण करणारे बिटकॉइन कोअर आणि एलएनडी हेच सॉफ्टवेअर इथे चालते. रंगीत तालमीला नट तेच, संवाद तेच, पोशाखही तेच. फक्त प्रेक्षक तिकीट काढून आलेले नसतात.

चालवायला ते सोपे आहे. नवे नेटवर्क करताना कोणत्या जातीचे किती नोड हवेत ते सांगायचे. नावे अॅपच देते: अॅलिस, बॉब, कॅरोल, डेव्ह. पहिल्यांदा डॉकरच्या प्रतिमा उतरायला वेळ लागतो, नंतर काम भराभर होते. पडद्यावर नोडची चित्रे येतात. अॅलिसपासून बॉबपर्यंत माउसने रेघ ओढली की चॅनेल उघडायचा प्रस्ताव समोर येतो. रक्कम भरली की अॅप स्वतःच सहा ब्लॉक काढून चॅनेल पक्के करते. एक तासाचे काम काही सेकंदांत होते.

इथे नवशिक्याला पहिला धक्का बसतो. अॅलिसने चॅनेल उघडले आणि बॉबने लगेच तिला पैसे पाठवायचे ठरवले, तर ते जात नाहीत. कारण चॅनेलमधली सगळी रक्कम अॅलिसच्या बाजूला आहे. बॉबच्या बाजूला काही सरकल्याशिवाय तो देणार काय? ‘इनबाउंड लिक्विडिटी’ या शब्दावर पानेच्या पाने वाचून जे डोक्यात शिरत नाही, ते त्या रेघेच्या दोन टोकांची शिल्लक पाहताना शिरते.

पण पैसे गेले, पैसे आले, एवढेच पाहून अॅप मिटवणाऱ्याने पोलर वापरले असे मी म्हणणार नाही. हे साधन गोष्टी बिघडवून पाहण्यासाठी आहे. लाइटनिंगची सगळी सुरक्षितता एका वचनावर उभी आहे: कोणी चॅनेलचा जुना, रद्द झालेला हिशोब साखळीवर टाकला, तर समोरच्याला ठराविक मुदतीत ती लबाडी दाखवून चॅनेलमधली सगळी रक्कम घेता येते. जोसेफ पून आणि थॅडियस ड्रायजा यांनी २०१६ च्या निबंधात मांडलेली ही कल्पना पोलरमध्ये आपल्या हाताने तपासता येते.

अॅलिस आणि बॉब, दोन्ही एलएनडी, यांच्यात एक लहान चॅनेल उघडा. अॅलिसला थांबवा आणि तिच्या डेटाच्या फोल्डरची प्रत काढून ठेवा. पोलर सगळ्या फाइली आपल्या होम फोल्डरमध्येच ठेवते, त्यामुळे त्या सापडतात. तिला पुन्हा चालू करून बॉबला बरीच रक्कम पाठवा. मग दोघांनाही थांबवा, अॅलिसची जुनी प्रत परत जागेवर ठेवा आणि फक्त तिला सुरू करा. तिच्या दृष्टीने अजून पैसे दिलेलेच नाहीत. तिच्या टर्मिनलमधून चॅनेल जबरदस्तीने बंद करा आणि काही ब्लॉक काढा.

आता सगळे बॉबवर आहे. १४४ ब्लॉक उलटण्याआधी त्याला उठवले, तर तो जुना हिशोब ओळखतो, दंडाचा व्यवहार टाकतो आणि सगळी रक्कम त्याच्याकडे जाते. १४४ च्या पुढे बरेच ब्लॉक काढून मग उठवले, तर अॅलिसने पैसे केव्हाच काढून नेलेले असतात. खऱ्या साखळीवर या दोन शेवटांत एका दिवसाचे अंतर असते, इथे काही क्षणांचे. बंद पडलेल्या नोडच्या वतीने पहारा देणारे वॉचटॉवर का लागतात, हे त्यातून पुरते कळते. दुसरा धडा मला अधिक मोलाचा वाटतो. या प्रयोगात अॅलिसने लबाडी केली असे आपण म्हणतो, पण तिने खरोखर केले काय? जुना बॅकअप परत ठेवला आणि बॉब दिसत नाही म्हणून चॅनेल बंद केले. डिस्क बिघडल्यावर कोणताही सरळ माणूस हेच करायला जाईल आणि पैसे गमावून बसेल.

पोलरचे दुसरे बळ म्हणजे वेगवेगळ्या घराण्यांचे नोड ते एकाच पडद्यावर आणते. लाइटनिंग लॅब्सचे एलएनडी गो भाषेत, ब्लॉकस्ट्रीमचे कोअर लाइटनिंग सी भाषेत, तर पॅरिसच्या एसिंक कंपनीचे इक्लेअर स्कालामध्ये लिहिलेले आहे. तिघांची नियमपुस्तिका एक, वाचणारे वेगळे. ९ ऑक्टोबर २०२२ रोजी एका डेव्हलपरने ९९९ पैकी ९९८ सह्या लागणारा अवाढव्य व्यवहार साखळीवर टाकला. बिटकॉइनच्या नियमांत तो बसत होता, पण एलएनडी वापरत असलेल्या लायब्ररीला तो वाचता येईना आणि जगभरचे एलएनडी नोड त्याच ब्लॉकपाशी अडकले. कोअर लाइटनिंगला काही झाले नाही. पुढच्याच महिन्यात, १ नोव्हेंबरला, त्याच जातीचा दुसरा फटका बसला. आपले अॅप एकाच घराण्याच्या नोडवर तपासणाऱ्याने ही घटना लक्षात ठेवावी.

तिन्ही एकत्र चालवले म्हणजे निर्धास्त झालो, असेही नाही. सप्टेंबर २०१९ मध्ये कोअर लाइटनिंगचे डेव्हलपर रस्टी रसेल यांनी एका त्रुटीचा तपशील उघड केला. चॅनेल उघडणारा सांगतो की अमुक व्यवहारात मी इतकी रक्कम ठेवली आहे. ती रक्कम तिथे खरोखर आहे का, हे समोरचा नोड तपासतच नव्हता. आणि हा दोष तिन्ही सॉफ्टवेअरमध्ये होता, कारण नियमपुस्तिकेतच तशी स्पष्ट सूचना नव्हती. सगळेच विश्वासाने वागत असताना असला दोष दिसत नाही. तो दिसायला खोटे बोलणारा नोड लागतो. पोलरमध्ये स्वतः बदल करून बांधलेली डॉकर प्रतिमा नोड म्हणून लावता येते. ही सोय फार थोडे लोक वापरतात, आणि माझ्या मते खरी चाचणी तिथूनच सुरू होते.

काही गोष्टी मात्र पोलर दाखवूच शकत नाही. तिथे ब्लॉकमधल्या जागेसाठी चढाओढ नसते, त्यामुळे शुल्काचा अंदाज बांधायला आधारच मिळत नाही. अॅप बिटकॉइन कोअरला एक ठरलेला दर देऊन ठेवते. मुख्य साखळीवर गर्दी झाली, शुल्क कैकपटींनी वाढले आणि आपला दंडाचा व्यवहार रांगेतच राहिला, तर काय होईल? लाइटनिंगमधला हा सर्वांत अवघड प्रश्न, आणि रेगटेस्टवर तो आपोआप कधीच उभा राहत नाही. सगळे नोड एकाच संगणकावर असल्याने तुटणाऱ्या, रेंगाळणाऱ्या जोडण्याही अनुभवाला येत नाहीत. म्हणून पोलरवर खरे उतरलेले काम पुढे सिग्नेट या सार्वजनिक चाचणी साखळीवर आणि मग अगदी थोड्या रकमेने मुख्य साखळीवर तपासावेच लागते.

भारतात आभासी डिजिटल मालमत्तेच्या हस्तांतरणातून झालेल्या उत्पन्नावर एप्रिल २०२२ पासून ३० टक्के कर आहे, आणि त्याच वर्षीच्या जुलैपासून व्यवहारावर एक टक्का टीडीएस. क्रिप्टोबद्दल मत काहीही असो, हे तंत्र शिकण्यासाठी बाजारात उतरण्याची गरज नाही. रेगटेस्टच्या नाण्याला मोल नाही आणि ते संगणकाबाहेर जात नाही. पुण्या-नागपुरात अभियांत्रिकी शिकणाऱ्यांनी वितरित प्रणालीचा एखादा प्रकल्प निवडताना याचा जरूर विचार करावा. डॉकर बसवा, पोलर उतरवून घ्या, आणि पहिल्याच आठवड्यात अॅलिसचा जुना बॅकअप परत ठेवण्याचा प्रयोग करून पाहा.