वल्द, जौजे आणि सर्व्हे नंबर

पुतण्याच्या जात पडताळणीच्या अर्जासोबत वंशावळीचं शपथपत्र लागतं. स्टॅम्प पेपर आला, टायपिंगवाला तयार होता, आणि आम्ही सगळे भाऊ ओसरीत बसून एकमेकांच्या तोंडाकडं बघत राहिलो. वडील माहीत, आजोबा माहीत, पणजोबांचं नाव आत्यानं सांगितलं. त्यापुढचा रकाना कोरा.

आमच्या धामणगाव बढ्यात असा कोरा रकाना घरोघरी निघेल, आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. श्राद्धाचा संकल्पच तीन पिढ्यांचा: पिता, पितामह, प्रपितामह. चौथा पुरुष त्यातून उतरला की त्याचं नाव घ्यायचं निमित्त घरात उरत नाही. पित्तरपाखात पान वाढताना जेवढी नावं लागतात, तेवढीच माणसाला आठवतात. हक्काचा प्रश्न आला, वावराची वाटणी आली, दाखला हवा झाला, की मग पुढची नावं शोधायला माणूस तहसीलच्या पायऱ्या चढतो. वंशावळी पूर्वीही अशाच अडीनडीला लिहिल्या गेल्या. हौसेनं लिहिलेली वंशावळ दिसली की मी आधी जरा सावध होतो.

सुरुवात गावाच्या नावापासून करावी. बुलढाणा जिल्ह्यात एकटं देऊळगाव म्हटलं तर एस.टी.चा कंडक्टरही विचारेल, कोणतं? देऊळगाव राजा, देऊळगाव मही, देऊळगाव माळी, देऊळगाव साकर्शा, देऊळगाव घुबे, देऊळगाव कुंडपाळ. चिखलीकडं शेलगाव आटोळ आहे आणि मेहकरकडं शेलगाव देशमुख. आमच्याच मोताळा तालुक्यात धामणगाव बढे आणि धामणगाव देशमुख ही दोन धामणगावं, आणि रेल्वेचं धामणगाव तिकडं अमरावती जिल्ह्यात. घुबे, आटोळ, बढे ही आजही चालणारी आडनावं. देशमुख हा हुद्दा, माळी ही जात, राजा हा सिंदखेडच्या जाधवरावांच्या मुलखाचा ठसा. मूळ शोधायला निघालेल्या माणसानं ही शेपटी वाचून घ्यावी. मात्र तिच्यावर हक्क सांगायची घाई करू नये. गावाच्या नावात आपलं आडनाव असलं म्हणजे आपला पूर्वजच गाव वसवणारा, असं होत नाही.

आता कागद. वऱ्हाड १८५३ मध्ये निजामाकडून कंपनीच्या ताब्यात आलं, तरी कारभार हैदराबादच्या रेसिडेंटाकडं राहिला. १९०३ मध्ये ते मध्य प्रांताला जोडलं गेलं, १९५६ मध्ये मुंबई राज्यात आलं आणि १९६० मध्ये महाराष्ट्रात. म्हणजे एकाच घराच्या चार पिढ्यांनी जागचं न हलता चार कारभार पाहिले. वरिष्ठ कचेऱ्यांचं दप्तर त्यामुळं विखुरलं. रेसिडेन्सीचे कागद दिल्लीच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, विदर्भाचं पुराभिलेखागार नागपूरला आहे. गावपातळीवरचे कागद मात्र जवळच असतात, फक्त नाव बदलून. मोताळा तालुका नंतरचा. जुनी नोंद धुंडायची तर ‘तालुका मलकापूर’ म्हणून धुंडावी लागते. आम्ही दोन खेपा मोताळ्याच्या नावानं घातल्या आणि हात हलवत परत आलो. चूक आमचीच.

जमिनीच्या बाबतीत वऱ्हाडचं नशीब चांगलं. नागपूरकडं मालगुजारी होती, गाव मालगुजाराच्या नावावर. वऱ्हाडात १८६० च्या दशकात मुंबई इलाख्याच्या पद्धतीनं रयतवारी मोजणी झाली आणि एकेका वावराला सर्व्हे नंबर पडून त्यावर कास्तकाराचं नाव लागलं. मग १९५४-५५ ची अधिकार अभिलेख पंजी, त्यानंतर सातबारा, फेरफार, वारस नोंदी. जुन्या पेरेपत्रकांपासून ही साखळी जुळवत गेलं तर शंभर-सव्वाशे वर्षं मागं जाता येतं. गावातल्या एका म्हाताऱ्या कास्तकारानं मला पहिल्याच दिवशी सांगितलं होतं, “कागद काय सांगते रे, वावर सांगते.” मला ते तेव्हा नुसतं बोलणं वाटलं. पुढं कळलं, ती पद्धतच होती.

कारण नावावरून शोधायला गेलात तर फसता. जुन्या नोंदीत आडनाव बहुतेक नसतंच. देशावर ‘रामा बिन सखाराम’ लिहीत, वऱ्हाडात ‘रामा वल्द सखाराम’. नाव, बापाचं नाव, जात, संपलं. त्यात आजोबाचं नाव नातवाला ठेवायची आपली रीत. म्हणजे रामा वल्द सखाराम, मग सखाराम वल्द रामा, मग पुन्हा रामा वल्द सखाराम. आम्हाला एक रामा वल्द सखाराम सापडला तेव्हा घरात पेढे वाटले. आठवड्यानं लक्षात आलं, तो पणजोबांचाही आजा होता किंवा शेजारच्या गल्लीतला कुणी परका. शेवटी सर्व्हे नंबरानं निकाल लावला. नाव फिरतं, वावर जागचं हलत नाही. एका फेरफाराचा नंबर दुसऱ्यात, दुसऱ्याचा तिसऱ्यात, असं उलटं चालत गेलो आणि माणूस पक्का झाला.

दुसरा मोठा आधार कोतवाल बुकाचा. गावात जन्मला कोण, मेला कोण, याची खबर कोतवालानं द्यायची, म्हणून जन्ममृत्यूच्या त्या नोंदवहीला लोकांनी दिलेलं हे नाव. सरकारी भाषेत गाव नमुना १४. १९६९ च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याच्या आधीच्या काळासाठी त्याच्याइतका भरवशाचा कागद नाही. जन्माच्या नोंदीत बाळाचं नाव बहुधा नसतं, कारण बारसं व्हायचं असतं. तारीख, ‘मुलगा’ किंवा ‘मुलगी’, बापाचं नाव, जात, एवढंच. मृत्यूच्या बाजूला कारण असतं: ताप, देवी, पटकी. १९१८ सालचं पान उघडाल तेव्हा जरा बसून उघडा. त्या वर्षीच्या मानमोडीच्या, म्हणजे इन्फ्लुएन्झाच्या, साथीनं मध्य प्रांत-वऱ्हाडाला देशात सर्वांत जास्त झोडपलेल्या भागांत नेऊन बसवलं. एकाच घरातली नावं एकाखाली एक येतात, अक्षर तेच, शाई तीच. माझ्या पणजोबांचे दोन भाऊ मला त्या पानावर भेटले. ते होते हेच घरात कुणाला ठाऊक नव्हतं.

या वह्या मोडीत. १९५० च्या सुमारास शाळेतून मोडी गेली, आणि तिच्याबरोबर नातवाची आजोबाशी ओळखही गेली. निजामी अमलाचा जुना कागद हाती लागला तर त्यावर फसली सन असतो, त्यात ५९० मिळवले म्हणजे इसवी सन येतो. शके असेल तर ७८. एवढं गणित आणि मोडीची दोन महिन्यांची मेहनत, यात निम्मं काम होतं. दरखेपेला जाणकाराला पैसे मोजण्यापेक्षा घरातल्या एका पोरीनं मोडी शिकावी. आमच्याकडं शिकली.

मोडीला भाव आला तो आरक्षणाच्या प्रश्नामुळं. सप्टेंबर २०२३ मध्ये न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि शेजारच्या जालन्यापासून सगळ्या मराठवाड्यात कुणबी नोंदींसाठी जुनी दप्तरं सोडली गेली. जात पडताळणीत तारीख महत्त्वाची: अनुसूचित जातींना १० ऑगस्ट १९५०, जमातींना ६ सप्टेंबर १९५०, भटक्या-विमुक्तांना २१ नोव्हेंबर १९६१, इतर मागासवर्गीयांना १३ ऑक्टोबर १९६७. त्याआधीचा पुरावा द्या, म्हणतात. ज्याच्याकडं वावर होतं त्याला सातबारा सापडतो. शाळेत गेला असेल त्याला दाखल-खारीज. जो पालावर जन्मला, ज्याला जमीन दिलीच नाही आणि शाळेत घेतलंच नाही, त्यानं काय आणायचं? भटक्यांची तारीख पुढची ठेवली म्हणून कागद जन्माला येत नाही.

तिसरा ठेवा तीर्थाच्या ठिकाणी. नाशिक-त्र्यंबकच्या तीर्थोपाध्यायांकडं गाव आणि आडनावानुसार नामावळीच्या चोपड्या असतात. अस्थी घेऊन गेलेला यजमान आपलं, भावांचं, मुलांचं नाव लिहून सही करतो. पुढच्या खेपेला मुलगा त्याच्याखाली. हरिद्वारच्या अशाच वह्यांची सूक्ष्मचित्रं अमेरिकेतल्या युटाच्या वंशशोधक संस्थेनं १९७७ पासून काढायला घेतली. दक्षिणेत कोल्हापूर-सांगलीकडं हेळवी बैलावर बसून सुगीनंतर येतात आणि वहीतून घराण्याची नावं वाचून दाखवतात. भाटांचंही तसंच. पण ऐकणाऱ्याचा हात जितका सैल, तितका त्यांचा पूर्वज मोठा होतो. चोपडीतली सही खरी, भाटाचा शेंडा तपासून घ्यावा.

शेंड्यावर कुणीतरी थोर हवा ही हौस आमच्या जिल्ह्यात जरा जास्तच, कारण सिंदखेडराजा इथं आहे. १५९८ मध्ये जिजाऊंचा जन्म तिथला. वडील लखुजी जाधवराव. १६२९ मध्ये देवगिरीच्या किल्ल्यात निजामशाहीनं लखुजी, त्यांचे पुत्र अचलोजी आणि राघोजी, आणि नातू यशवंतराव यांना दगा देऊन मारलं. सिंदखेडराजाला लखुजींची भव्य समाधी आहे. घराण्याच्या शाखा देऊळगाव राजा, किनगाव राजा, आडगाव राजा अशा पसरल्या. त्यांची वंशावळ टिकली ती वतनामुळं. मराठेशाहीत वतनाचा तंटा लागला की दोन्ही पक्षांनी करीना द्यायचा, म्हणजे आपल्या घराण्याची हकीगत पिढीवार लिहून गोतसभेपुढं मांडायची. मग निवाड्याचा महजर. वि. का. राजवाड्यांनी गावोगाव हिंडून जमवलेल्या कागदांत असे करीने भरपूर आहेत. ज्याला वतन नव्हतं त्याच्याशी कुणी भांडलं नाही, म्हणून त्याचा करीना नाही. तुमच्या घरात जाधवरावांशी नातं सांगणारी वंशावळ असेल आणि तिला एकाही तंट्याचा आधार नसेल, तर ती फ्रेम करून भिंतीला लावा, पण शपथपत्रावर घालू नका.

जिल्ह्यातली माझ्या लेखी सर्वांत मोठी पूर्वज कुणाच्याच वंशावळीत नाही. ताराबाई शिंदे, जन्म १८५० च्या सुमारास, बुलढाण्याच्या. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत मुख्य कारकून होते आणि सत्यशोधक समाजाचे होते. ‘स्त्री-पुरुष तुलना’ १८८२ मध्ये छापलं गेलं, मग विसरलं गेलं. १९७५ मध्ये स. गं. मालशे यांनी ते पुन्हा लोकांपुढं आणलं. ताराबाईंना मूलबाळ नव्हतं. मुलगा-नातू-पणतू या शिडीवर त्यांना पायरीच नाही. बाईचं नाव आमच्या कागदात दोनदा येतं: नवरा असताना ‘काशी जौजे रामा’, नवरा गेल्यावर ‘बेवा’. माहेरचं गाव नाही, बापाचं नाव नाही. गंमत अशी की तर्पणात माता, पितामही, प्रपितामही यांची नावं घ्यावी लागतात, आईच्या वडिलांकडचीही. तहसीलपेक्षा पिंडदान बायकांशी जरा उदार.

नोंद कुणाची राहते याचा एक नमुना समुद्रापलीकडचा. मॉरिशसला करारावर नेलेल्या मजुरांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज मोका गावच्या महात्मा गांधी संस्थेत जातात आणि पूर्वजाचा क्रमांक, बाप, गाव, जात, उंची, अंगावरची खूण, कधी फोटोसुद्धा घेऊन बाहेर पडतात. मळ्याच्या मालकाला मजूर हरवू द्यायचा नव्हता, म्हणून एवढी नोंद. गावात राहिलेल्या भावाची तेवढीही नाही.

आमचा रकाना शेवटी भरला. शपथपत्रात बापाकडच्या पाच पिढ्या गेल्या, दाखलाही मिळाला. आजीच्या माहेराला त्यात जागा नव्हती. आत्याला विचारून ती नावं मी वेगळ्या वहीत लिहिली, गावांसकट. अकरा बायका निघाल्या, नऊ गावं.

दिवाळीत पेटी उपसाल तेव्हा एक करा. जुना उतारा, खरेदीखत, शाळेचा दाखला सापडला तर त्याला प्लास्टिक चढवू नका. लॅमिनेशनच्या उष्णतेनं कागदाचं कायमचं नुकसान होतं. मोबाइलवर फोटो काढा, कागद सुती फडक्यात सपाट ठेवा, आणि आजीला तिच्या आईचं नाव आणि माहेर आजच विचारून घ्या.