माळ पडीक ठरविण्यापूर्वीं

जमीन विकत घेतांना आपण विहिरीचें पाणी चाखून पाहतों, माती मुठींत दाबून पाहतों आणि सात-बाराचा उतारा दोनदां वाचून घेतों. परंतु गांवालगतच्या माळावर खाण, कारखाना अगर वसाहत होणार असें कानीं आलें म्हणजे मात्र "माळच तो, तेथें आहे काय?" असें म्हणून स्वस्थ बसतों. ही समजूत कितपत खरी आहे, याचा विचार आमच्या शेतकरी बंधूंनीं करावा, म्हणून प्रस्तुत लेख लिहीत आहों.

बांधकामास परवानगी मिळण्यापूर्वीं त्या जागेवरील गवत, झाडझाडोरा, ओढेनाले व पशुपक्षी यांची जी तपासणी करितात, तिला जीवसृष्टीची पूर्वपाहणी म्हणतां येईल. तिचे दोन भाग असतात. पहिल्यांत जुने नकाशे व वनखात्याच्या नोंदी पाहून मग जागा पायांखालीं घालावयाची. गवत कोणतें, पाणी कोठें सांचतें, घरटीं, बिळें व पायखुणा कोठें आहेत, हें टिपून ठेवावयाचें. दुसरा भाग तज्ज्ञांचा. पहिल्या फेरींत एखाद्या प्राण्याचा माग लागला, तर त्याच्या योग्य हंगामांत पुन्हा जाऊन त्याचा शोध घ्यावयाचा. पहिल्या फेरीचा खर्च थोडा असतो. ती टाळल्यानें होणारें नुकसान मात्र मोठें असतें.

अशी गटवार पाहणी कां हवी, हें आपल्या नेवासा तालुक्यास एका अनुभवानें चांगलें ठाऊक झालें आहे. १९७९ सालीं सोलापूर व तेव्हांचा अहमदनगर, म्हणजे आतांचा अहिल्यानगर, या दोन जिल्ह्यांत माळढोक पक्ष्यासाठीं अभयारण्य जाहीर झालें. त्याचें क्षेत्र सुमारें ८,४९६ चौरस किलोमीटर होतें. कर्जत व श्रीगोंदा यांच्याबरोबर नेवासा तालुक्यांतील जमिनीही त्यांत होत्या. एवढ्या विस्तारांत माळांबरोबर गांवें, रस्ते, बाजारपेठा आणि बागायतही आली. ज्या उसाच्या फडांत माळढोक उतरण्याचा संभव नव्हता, तेथील शेतकऱ्यासही जमिनीच्या व्यवहारांत व बांधकामांत अडचणी सोसाव्या लागल्या. साहजिकच पक्ष्याविषयीं आपुलकी न वाटतां राग उत्पन्न झाला. अखेर २०१२ सालीं हें क्षेत्र सुमारें १,२२२ चौरस किलोमीटरपर्यंत कमी करण्यांत आलें. मध्यें तेहतीस वर्षें गेलीं. दरम्यान माळ नांगराखालीं गेले, विजेच्या तारा वाढल्या; आणि आज साऱ्या देशांत माळढोक दोनशेंहून कमी उरले असावेत, असा अंदाज आहे. सरसकट रेघ ओढल्यानें शेतकरी नाडला आणि पक्षीही सांवरला नाहीं. सगळी जमीन सरसकट राखीव म्हणणें जसें चुकीचें, तसेंच सगळा माळ सरसकट पडीक म्हणणेंही चुकीचेंच होय.

आतां हंगामाचा मुद्दा घेऊं. आपला माळ बारमास एकसारखा नसतो. माळढोकाची मादी दख्खनेंत बहुधा पावसाळ्यांत उघड्या जमिनीवर अंडें घालते, आणि तेंही बहुतकरून एकच. थंडींत भोवत्या जातीचे शिकारी पक्षी उत्तरेकडून येऊन गवतांत रात्र काढितात. नाकतोडे व उंदीर हें त्यांचें खाद्य, म्हणजे आपल्या पिकाची ती फुकटची राखणच. जायकवाडीचा नाथसागर आपल्या तालुक्यास भिडला आहे. त्यास १९८६ सालीं पक्षी अभयारण्याचा दर्जा मिळाला. तेथेंही पट्टकादंब हंस हिमालय ओलांडून हिवाळ्यांतच येतात. वैशाखांत हाच काठ व हाच माळ पाहणाऱ्यास यांतील कांहीं दिसेल काय? असें असतां खाणकामाच्या अहवालासाठीं केंद्र सरकारनें जी प्रमाण कार्यकक्षा ठरविली आहे, तींत पावसाळा सोडून एका हंगामाची माहिती पुरेशी मानिली आहे. उन्हाळ्यांतील अहवालांत "उल्लेखनीय जीव आढळले नाहींत" असें वाक्य आलें, तर तें खोटें असेलच असें नाहीं. पण तें एका ऋतूपुरतें खरें असतें.

कायद्यानें शेतकऱ्यास येथें बोलण्याची जागा दिली आहे. पर्यावरण संरक्षण अधिनियम १९८६ सालचा. त्याखालीं १४ सप्टेंबर २००६ रोजीं निघालेल्या अधिसूचनेप्रमाणें ठराविक मोठ्या कामांस आधीं पर्यावरणविषयक मंजुरी घ्यावी लागते. दररोज ५,००० टन किंवा अधिक ऊस गाळणारा कारखाना त्यांत येतो. २०,००० चौरस मीटर किंवा अधिक बांधीव क्षेत्राची वसाहतही येते. ज्या कामांस जनसुनावणी लागू आहे, त्यांची सूचना निदान तीस दिवस आधीं वर्तमानपत्रांत द्यावी लागते, अहवालाचा सारांश स्थानिक भाषेंतही उपलब्ध करावा लागतो, आणि सुनावणी जिल्हाधिकारी किंवा त्यांचे योग्य दर्जाचे प्रतिनिधी यांच्या अध्यक्षतेखालीं होते. शेवटीं कामकाजाचा गोषवारा लोकभाषेंत समजावून सांगावयाचा असतो. वसाहतींच्या बांधकामास मात्र ही सुनावणी लागू नाहीं, आणि सौर विद्युत्प्रकल्पांस ही मंजुरीच घ्यावी लागत नाहीं. म्हणून सौर प्रकल्पास माळ भाड्यानें देणाऱ्यानें पूर्वपाहणीची अट करारांतच घालून घ्यावी, हें बरें.

अहवाल हातीं आल्यावर चार गोष्टी पाहाव्या. पाहणी कोणत्या महिन्यांत झाली? पाहणारे किती दिवस जागेवर होते? ओढे, जुन्या विहिरी व गायरान यांची नोंद गटवार आहे काय? आणि गुरें चारणाऱ्यांस कोणी विचारलें काय? धनगराच्या पोरास लांडग्याची वाट माहीत असते, टिटवीचें घरटेंही माहीत असतें. तें ज्ञान कागदावर आलें नाहीं तर परवानगी देणाऱ्यापुढें तें नसल्यासारखेंच. यासाठीं ग्रामसभेनें आपल्या माळाची एक साधी वही ठेवावी. कोणत्या तिथीस कोणता पक्षी दिसला, पहिल्या पावसाचें पाणी कोठें मुरलें, चारा किती महिने पुरला, एवढें लिहिलें तरी पुष्कळ होय. सुनावणीच्या दिवशीं दहा भाषणांपेक्षां अशी तीन वर्षांची वही अधिक वजनदार ठरेल.

आम्ही कारखान्यांच्या किंवा वसाहतींच्या विरुद्ध नाहीं; आमच्या मुलांसही रोजगार हवा आहे. आमचें म्हणणें इतकेंच कीं, बी पेरण्यापूर्वीं आपण जमीन जशी पाहतों, तशी ती पायाचा दगड बसविण्यापूर्वींही पाहिली जावी, आणि तीही एका ऋतूंत नव्हे, तर सर्व ऋतूंत. पाहणीनें कांहीं माळ बांधकामास मोकळे ठरतील, कांहीं राखावे लागतील. कोणता माळ कशास योग्य, हें आधीं कळल्यास १९७९ नंतर घडलें तसें सर्वांनाच सोसावें लागणार नाहीं.