यशाच्या सातबाऱ्यावरचे इतर हक्क

दौंड तालुक्यातल्या पाटसहून बारामतीचा रस्ता धरला की थोड्याच अंतरावर रोटीचा घाट लागतो. घाट कसला, चढणच ती, पण तिने शेतीची दोन जगं वेगळी केली आहेत. खाली मुठेच्या कालव्याचं पाणी पोचतं, म्हणून यवत, वरवंड, पाटसच्या शिवारात ऊस उभा राहतो आणि गुऱ्हाळं धूर सोडतात. वर रोटी, कुसेगाव, जिरेगाव, पडवी ही गावं जिरायती. पाऊस झाला तर बाजरी, नाहीतर टँकर. पाणी उताराने वाहतं, चढण चढत नाही, एवढाच यातला भेद. माणसं मात्र एकाच मातीतली आहेत, एकमेकांचे सोयरे आहेत, आणि कष्टाचा हिशोब मांडला तर वरचा शेतकरी खालच्यापेक्षा तसूभरही कमी भरणार नाही. पहाटे उठणं, काटकसर, चिकाटी, कर्ज अंगावर घेण्याची हिंमत हे सगळे गुण घाटाच्या दोन्ही अंगांना आहेत. तरीही सत्कार समारंभात शाल-श्रीफळ घेऊन कष्टाचं फळ सांगणारा प्रगतिशील बागायतदार बहुधा कालव्याखालचाच असतो.

कुणी म्हणेल, खालची जमीनही काळी, भारी आहे. खरं आहे. पण ती काळी माती त्या बागायतदाराच्या पणजोबांनीही तयार केलेली नाही, ती नदीने आणून टाकली. कष्टाशिवाय ऊस येत नाही हे मान्यच आहे. प्रश्न एवढाच, की नुसत्या कष्टाने तो आला असता का? घाटावरची गावं या प्रश्नाचं उत्तर दीड शतक देत आहेत. जनाई-शिरसाई उपसा योजनेने मुठेच्या कालव्याचंच पाणी उपसून जिरायती पट्ट्यातल्या काही गावांना द्यायला सुरुवात केली, तेव्हा तिथलाही शेतकरी उसाकडे, भाजीपाल्याकडे वळला. माणूस तोच होता, पाणी नवं होतं.

हे पाणी आलं कुठून? खडकवासला धरणाचं काम 1869 मध्ये सुरू झालं आणि दहाएक वर्षं चाललं. कॅप्टन फाइफ या इंजिनियरची ती कल्पना, म्हणून जलाशयाला फाइफ तलाव म्हणत. त्यातून निघालेला जुना उजवा कालवा पाटसच्या परिसरापर्यंत आणला गेला. मधेच 1876-77 चा दुष्काळ पडला आणि दख्खनमधल्या अशा कामांवर खडी फोडणारी, माती वाहणारी माणसं दुष्काळग्रस्त होती. पुढच्या शतकात पानशेत आणि वरसगाव ही धरणं झाली. त्यासाठी मावळातल्या खोऱ्यांतली गावं पाण्याखाली गेली, आणि तिथल्या काही कुटुंबांना दौंड तालुक्यात जमिनी देऊन वसवलं गेलं. नवा मुठा उजवा कालवा तर 202 किलोमीटर धावत इंदापूरपर्यंत जातो. म्हणजे पाटसच्या एका एकर उसात दुष्काळी मजुराची पाठ आहे, बुडालेल्या भातखाचराची जागा आहे, पाटकऱ्याची रात्रपाळी आहे आणि बीड-पाथर्डीकडून आलेल्या ऊसतोड टोळीचा कोयता आहे. शेतकऱ्याचा स्वतःचा वाटा मोठा असेलच, पण तो पूर्ण नाही.

मग हा बाकीचा वाटा आपल्याला दिसत का नाही? उत्तर कृतघ्नपणा नाही, मनाची ठेवणच तशी आहे. रॉस आणि सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी 1979 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात नवरा-बायकोला वेगवेगळं विचारलं, घरकामात तुमचा वाटा किती? दोघांच्या उत्तरांची बेरीज शंभर टक्क्यांच्या वर गेली. खोटं कुणीच बोलत नव्हतं. आपण घासलेली भांडी आपल्याला आठवतात, दुसऱ्याने घासलेली आठवायला आपण तिथे नसतो. 2016 मध्ये दाविदाई आणि गिलोविच यांनी आणखी पुढचं दाखवलं. वाटेतले अडथळे माणसाला ठळक आठवतात, पाठीशी असलेला आधार मात्र लक्षातच येत नाही. बागायतदाराला कालव्याचं हुकलेलं आवर्तन, जळालेली मोटार, रात्री दोनला आलेली वीज सगळं तारीखवार आठवतं. वेळेवर आलेल्या आवर्तनाची आठवण कोण ठेवतो? ते यायचंच होतं, आलं. पुण्यात नोकरीला लागलेल्या मुलाचंही तसंच. स्पर्धा परीक्षेतला एका गुणाचा अन्याय तो जन्मभर सांगतो. गावात शाळा होती आणि ती फुकट होती, हे सांगण्यासारखं त्याला वाटत नाही.

इथे पहिला आक्षेप येतो, की असा हिशोब मांडत बसलं तर माणसाची उमेद खचेल. मानसशास्त्रज्ञ याचं उत्तर आनंदाच्या भाषेत देतात. एमन्स आणि मॅकला यांच्या 2003 च्या प्रयोगात आठवड्यातून एकदा कृतज्ञतेच्या चार-पाच गोष्टी लिहिणारे लोक अधिक आशावादी आढळले आणि व्यायामही जास्त करत होते. नंतरच्या आढाव्यांत मात्र अशा उपायांचा परिणाम बेताचाच निघाला, आणि बरं वाटावं म्हणून आभार मानायचे हा युक्तिवाद मला तसाही लंगडा वाटतो. वाटा कबूल करायचा तो खरा आहे म्हणून. खरा हिशोब ठेवणारा शेतकरी आळशी होत नाही. उलट त्याला कळतं, की आपल्या हातातलं किती आणि हाताबाहेरचं किती. जे हाताबाहेर आहे ते टिकवायला चारचौघांना बरोबर घ्यावं लागतं.

दुसरा आक्षेप रोकडा आहे. पाणीपट्टी भरतो, मजुरी देतो, मग ऋण कसलं? पण पाणीपट्टी पाणी सोडण्याची असते, खोरं बुडाल्याची नव्हे. बाजारभावाने जे फिटत नाही, नेमकं तेच इथे मोजायचं आहे.

तिसरा आक्षेप सर्वांत गंभीर. उपकाराची आठवण करून देऊनच तर गरिबाला मिंधं ठेवलं जातं. सावकार, पुढारी, मालक, घरातला कर्ता पुरुष, सगळे तेच करत आले. या मुलखाने त्याचं उत्तर स्वतः दिलं आहे. पाटसपासून जवळच असलेल्या सुप्यात 12 मे 1875 रोजी शेतकऱ्यांनी सावकारांकडून कर्जखतं आणि दस्त हिसकावून जाळले. त्यांचा रोख मुख्यतः कागदांवर होता, माणसांना इजा क्वचितच झाली. ते लोण आसपासच्या मुलखात पसरलं, आयोग नेमला गेला आणि 1879 मध्ये दख्खन शेतकरी कायदा आला. ही माणसं ऋण नाकारत नव्हती. फुगवलेलं, खोटं ऋण नाकारत होती. 1877 च्या सुरुवातीला सर रिचर्ड टेंपल यांनी दुष्काळी कामांवरची मजुरी कमी केली, तेव्हा पोटाला नसतानाही हजारो मजूर काम सोडून निघून गेले. सरकारने काम दिलं, आता गप्प बसा, हे त्यांनी मानलं नाही. देणाऱ्याने मागितलेली कृतज्ञता बहुतेक वेळा वसुली असते. घेणाऱ्याने आपण होऊन मोजलेलं देणं वेगळं, आणि ते शक्यतो बलवानाने दुर्बलाचं मोजायचं असतं.

आपल्या समाजाला हे मोजता येतं, याचे पुरावेही आहेत. महाराष्ट्राने 1976 मध्ये प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा केला. धरणाचं पाणी ज्याला मिळणार, त्या मोठ्या खातेदाराने काही जमीन धरणग्रस्तांसाठी द्यावी, हे त्यातलं सूत्र. सातबाऱ्याच्या इतर हक्कात 'पुनर्वसनासाठी राखीव' असा शेरा पडला की खातेदार वैतागतो, कारण खरेदी-विक्री अडते आणि शेरा उठवायला हेलपाटे पडतात. त्या तक्रारीत तथ्य आहे. पण आपल्या समृद्धीवर दुसऱ्याचा हक्क आहे, हे सरकारी कागदावर लिहिण्याची हिंमत त्या शेऱ्यात आहे. रोजगार हमी योजनेसाठी शहरातल्या नोकरदारांच्या पगारातून व्यवसाय कर घ्यायचा, ही कल्पनाही याच राज्याची आणि त्याच दशकातली. अलीकडे ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी गाळपाच्या प्रत्येक टनामागे कारखान्याने दहा रुपये आणि तितकेच शासनाने द्यायचं ठरलं. रक्कम तोकडी आहे, पण सत्काराच्या शालीपेक्षा तिची ऊब जास्त पोचते.

तुकोबांची पालखी वरवंडचा मुक्काम करून पाटसमार्गे रोटीचा घाट चढते, तेव्हा या पट्ट्यातली गावं वारकऱ्यांना हात सैल सोडून जेवू घालतात. त्या दानतीबद्दल शंका नाही. फक्त एवढंच, की वर्षातून एकदा येणाऱ्या पाहुण्याला वाढणं सोपं असतं. पाच-सहा महिने फडाकडेला पालात राहणाऱ्या टोळीला पिण्याचं पाणी, संडास आणि लेकरांना शाळा देणं अवघड जातं.

पाटसची जागाही मोठी बोलकी आहे. वर पुणे शहर. खडकवासला साखळीतल्या चार धरणांचा सुमारे 29 टीएमसी साठा, त्यातलं शहर किती घेतं यावर दरवर्षी भांडण. शहराचं प्रक्रिया केलेलं सांडपाणी मुंढव्याहून जुन्या बेबी कालव्यात सोडतात, त्याच्या दर्जावर वेगळी तक्रार. दौंडचा शेतकरी म्हणतो, पुणेकरांना आमच्या पाण्याची जाण नाही, आणि तो बरोबर आहे. पण खाली इंदापूरचा टेलचा, म्हणजे कालव्याच्या शेवटचा, शेतकरी हेच वाक्य दौंडकडे बोट दाखवून म्हणतो, आणि तोही बरोबर आहे. वरच्याकडून जाण मागायची आणि खालच्याची ठेवायची नाही, हे जमणार नाही. 2005 च्या सिंचन व्यवस्थापन कायद्याने पाणीवापर संस्थांना हक्क दिले आहेत, आणि टेलकडून हेडकडे पाणी देत यायची पद्धत सगळ्यांना ठाऊक आहे. ती कागदावरून चारीवर आणणं गावाच्या हातात आहे. येत्या उन्हाळी आवर्तनाच्या आधी संस्थेची बैठक लावा, आणि टेलच्या शेतकऱ्याला पहिल्या खुर्चीवर बसवा.