सरावाचे प्रश्न पारखताना

आमच्या लासूर स्टेशनच्या बाजारात कांद्याचा लिलाव असला म्हणजे सकाळपासून ट्रॅक्टरांची रांग लागते. जाणता व्यापारी वरचे चार कांदे बघून बोली बोलत नाही. ढिगात कोपरापर्यंत हात घालतो, तळचा कांदा वर काढतो, दाबून बघतो, मग तोंड उघडतो. गेल्या हंगामात असाच माल विकून शेजारचे अण्णा थेट माझ्याकडे आले. म्हणाले, "सर, पोरीसाठी प्रश्न विकत घ्यायचेत. कोणते घेऊ?"

मुलगी किरगिझस्तानात डॉक्टरी शिकून आली आहे. तिकडची पदवी घेऊन आलेल्या बहुतेकांना इथे एक चाळणी परीक्षा पार करावी लागते, त्याशिवाय नोंदणी नाही आणि दवाखानाही नाही. २००२ पासून राष्ट्रीय परीक्षा मंडळ ही परीक्षा घेत आलं आहे. मुलं तिला 'एफएमजीई' म्हणतात. प्रश्न ३००, पास व्हायला १५० गुण. मुलीला पडले १३९. अण्णा म्हणाले, "दोन एकर गहाण आहे सर, अन् अकरा मार्कांवर अडकलंय."

आता मी काही डॉक्टर नव्हे, साधा एम. ए. आहे. पण प्रश्नपत्रिका काढण्यात माझी अठरा वर्षं गेली, तेव्हा वाईट प्रश्न मला वासावरून कळतो. अण्णांच्या फोनवर तीन दुकानदारांच्या जाहिराती होत्या. (आकाशवाणीवरून कोणाची भलामण करायची नाही, म्हणून नावं घेत नाही.) एकाचे वीस हजार प्रश्न, दुसऱ्याचे त्याहून थोडे कमी. तिसरा तर छातीवर हात ठेवून सांगत होता की मागच्या परीक्षांत आलेले अस्सल प्रश्न आमच्याचकडे आहेत.

या तिसऱ्याचं आधी सांगतो, कारण फसगत इथंच फार होते. मंडळ आपल्या प्रश्नपत्रिका छापत नाही. परीक्षार्थींकडूनही प्रश्न बाहेर न सांगण्याची कबुली घेतलेली असते. मग हे 'अस्सल' प्रश्न येतात कुठून? परीक्षा देऊन दमलेल्या पोरांच्या आठवणीतून. आठवणीत प्रश्नाचा एखादा शब्द गळतो, चारांतला एक पर्याय बदलतो, आणि उत्तर तर विकणाराच ठरवतो. कोणत्या विषयाकडे परीक्षकांचा ओढा आहे एवढं त्यातून कळेल. पाठ करण्याजोगं त्यात काही नाही.

मग आम्ही मुलीला बोलावलं आणि व्यापाऱ्यासारखा ढिगात हात घातला. पहिला हात न्यायवैद्यकात. या विषयाला दहाच गुण आहेत, पण माल जुना की नवा हे तिथं लगेच उघडं पडतं, आणि ते बघायला डॉक्टर असावं लागत नाही. १ जुलै २०२४ पासून भारतीय दंडविधानाच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. खुनाच्या शिक्षेचं ३०२ कलम आता १०३ झालं. वीस हजारवाल्याकडे अजून ३०२ च नांदत होतं! दुसरा हात क्षयरोगात. सरकारी कार्यक्रमात ही औषधं पूर्वी आठवड्यातून तीन दिवस देत. २०१७ पासून रोज देण्याची पद्धत देशभर आली. तिथंही त्याचं उत्तर जुनंच. शिक्षकबंधूंनो, एवढी पाहणी तुम्ही कोणत्याही पालकासाठी दहा मिनिटांत करून देऊ शकता.

तिसरी गोष्ट गुणांची. बाजारातले पुष्कळ संच पदव्युत्तर प्रवेशाच्या परीक्षेसाठी बांधलेले असतात. तिथे चुकीला गुण कापतात. या परीक्षेत कापत नाहीत. कापण्याच्या धाकात सराव केलेली मुलगी इथंही प्रश्न कोरे सोडून आली होती. किती, ते तिनं वडिलांसमोर सांगितलं नाही, मीही विचारलं नाही.

पण खरा निवाडा झाला तो एका प्रश्नावर. कापसावर फवारणी करताना विषबाधा झालेला शेतकरी आणला आहे. घाम, लाळ, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या, छातीत घुरघुर. अॅट्रोपिन चालू केलं. ते पुरेसं झालं हे कशावरून ओळखाल? मुलीनं उत्तर दिलं, बाहुल्या मोठ्या झाल्यावरून. चुकलं. पहिल्या संचात खुलासा काय, तर 'बरोबर उत्तर क'. संपलं. दुसऱ्यानं मात्र पानभर समजावलं होतं: या विषात माणूस दगावतो तो मुख्यतः श्वास कोंडून, फुप्फुसात स्राव भरल्यानं, म्हणून छाती मोकळी झाली का आणि नाडी व रक्तदाब सावरले का हे बघायचं. बाहुल्यांवर विसंबायचं नाही, त्या लहानच राहिल्या तरी औषध पुरेसं झालेलं असू शकतं. बाकीचे पर्याय का चुकले हेही एकेक करून सांगितलं होतं. अण्णा दाराशी बसून ऐकत होते. हळूच म्हणाले, "फवारणी आपणच करतो की." मुलीनं मान वर केली नाही.

घेतला तो दुसरा संच, आणि एकच घेतला. तीन संच अर्धे अर्धे सोडवण्यापेक्षा एकातले चुकलेले प्रश्न वहीत उतरवून तीनदा सोडवावेत, असं मी तिला सांगितलं. सुरुवात करायला लावली ती सामाजिक वैद्यकापासून. त्याला एकट्याला तीस गुण आहेत, आणि लसीकरण, हिवताप, आपल्या आरोग्य केंद्राची रचना हे सगळं परदेशातल्या वर्गात कोण कशाला शिकवील? शरीररचनेचे गुण सतरा. तिच्यात मात्र तिनं आधीचे चार महिने घातले होते.

पैसे देण्याआधी नमुन्याचे चाळीस प्रश्न मागावेत. जो दाखवत नाही त्याच्याकडून घेऊ नये. आणखी एक, परीक्षेच्या आधी काही दिवस मंडळ आपल्या संकेतस्थळावर नमुना चाचणी फुकट ठेवतं. ती ज्ञान वाढवायला नसते, संगणकाचा पडदा ओळखीचा व्हावा म्हणून असते. तेवढ्यासाठी मुलीला आमच्या महाविद्यालयातला संगणक एक दुपार मोकळा ठेवायचं मी कबूल केलं आहे. दीडशे प्रश्न, दीडशे मिनिटं, मग थोडी विश्रांती आणि पुन्हा तेवढंच. घड्याळ लावून बसायला अण्णा स्वतः येणार आहेत.